हॉर्सपॉवर वाढवली, ब्रेकचं काय? पेण-रोह्यातल्या पोरांच्या गाड्या आणि आपला रस्ता

नागोठणे : संध्याकाळी वाकण फाट्यावर चहाच्या टपरीपाशी दहा मिनिटं उभं राहा. गाडी दिसायच्या आधी आवाज येतो. सायलेन्सर बदललेला, टायर मडगार्डच्या बाहेर आलेले, काचा काळ्या, आणि स्टिअरिंगवर वीस-बावीस वर्षांचा पोरगा. कधी कधी तर मिशी न फुटलेला. महामार्गाचं काँक्रीट झालं, जमिनीला भाव आला, कुठे मोबदल्याचे पैसे आले. दहा वर्षांपूर्वी ज्या घरी एक सेकंडहँड बाईक होती, तिथे आज दीडशे हॉर्सपॉवरची गाडी उभी आहे. त्यात वाईट काही नाही. शेतकऱ्याच्या पोराने मोठी गाडी घेतली की लोकांना उगाच खुपतं, हेही मी बघितलंय.

पण नोव्हेंबर 2025 मध्ये आपल्याच जिल्ह्यात ताम्हिणी घाटात काय झालं ते आठवा. पुण्याहून कोकणात निघालेली थार खोल दरीत गेली. सहा तरुण होते, सहाही गेले. दोन दिवस कोणाला पत्ता नव्हता, शेवटी ड्रोन उडवून शोध लागला. गाडी काही आठवड्यांपूर्वीच घेतलेली होती. त्या पोरांची चूक होती असं मी म्हणत नाही. रात्रीचा घाट, वळण आणि हातात नवी गाडी, एवढं एकत्र आलं की चुकायला फार जागा उरत नाही.

त्याआधीचं पुण्याचं कल्याणीनगर प्रकरण सगळ्यांना माहीत आहे. 19 मे 2024 ची पहाट, सतरा वर्षांचा मुलगा, पोर्शे गाडी, बाईकवरचे दोन इंजिनिअर जागीच ठार. 300 शब्दांचा निबंध लिही म्हणून जामीन, मग ससूनमध्ये रक्ताचे नमुने बदलल्याचा आरोप. या गदारोळात एक साधी गोष्ट मागे पडली. एवढ्या महागड्या गाडीची नोंदणीच पूर्ण झालेली नव्हती, 1,758 रुपयांची फी भरायची राहिली होती. नंबर नाही, चालवणाऱ्याला लायसन नाही, तरी गाडी रस्त्यावर. आपण त्या बापाला शिव्या दिल्या. आपल्या गावात अकरावीतल्या पोराच्या हातात चावी देणारे किती बाप आहेत, ते मात्र आपण मोजत नाही.

हॉर्सपॉवर म्हणजे काय हे शेतकऱ्याला शिकवायला नको. माझा ट्रॅक्टर 45 हॉर्सपॉवरचा आहे. त्याला डाव्या-उजव्या चाकाचे ब्रेक वेगळे असतात, शेतात वळायला सोयीचे. रस्त्यावर आलं की दोन्ही पेडल खिटीने जोडायची, हे पहिल्या दिवशी सांगितलं जातं. न जोडता जोरात एकच ब्रेक दाबला की ट्रॅक्टर उलटलाच. म्हणजे ताकद तीच, पण जागा बदलली की नियम बदलला. गाडीचंही हेच आहे, फक्त गाडी घेताना शोरूममध्ये हे कोणी सांगत नाही.

आता थोडा हिशोब. ताशी 60 च्या वेगात समोर गुरं दिसली. पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद धरा, तेवढ्यात गाडी 17 मीटर पुढे गेली. मग कोरड्या रस्त्यावर चांगल्या टायरने थांबायला अजून 20 मीटर. एकूण 37. आता वेग 120 करा. पोरांना वाटतं दुप्पट लागेल, 74 मीटर. नाही. एका सेकंदात 33 मीटर, आणि ब्रेक लावल्यावर 80 च्या वर. एकूण 110 मीटरच्या पुढे. वेग दुप्पट झाला की ब्रेकचं अंतर चौपट होतं. रात्री डिप्परवर एवढं लांबचं दिसतच नाही. पावसात सुकेळी खिंडीत तर हा हिशोबही कमी पडेल.

आणि पोरं गाडीत काय करतात? लॅपटॉप लावून इंजिनचं रिमॅपिंग करून घेतात. वीस-पंचवीस हॉर्सपॉवर वाढते. ब्रेक मात्र कंपनीने जुन्या ताकदीसाठी दिलेलेच. टायर मोठे टाकले की मीटर खोटं बोलायला लागतं. टायरचा घेर दहा टक्के वाढला तर मीटरवर 80 असताना गाडी खरी 88 ने पळत असते. त्यात गाडी वर उचलून घेतली की वळणावर कलंडायची भीती वाढते. ‘फोर बाय फोर आहे, काही होत नाही’ हे वाक्य तर मी रोज ऐकतो. अरे बाबा, फोर बाय फोरने गाडी चिखलातून निघते, थांबत नाही. थांबायला सगळ्याच गाड्यांना चार ब्रेक. कोरड्या डांबरावर वळताना फोर बाय फोर लावून ठेवलं तर उलट गाडी अडते.

कायदाही सांगतो. कंपनीने नोंदवलेली रचना मालकाला मनाने बदलता येत नाही, सुप्रीम कोर्टाने जानेवारी 2019 मध्ये हे स्पष्ट केलं आहे. प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. अपघात झाल्यावर विमा कंपनी पहिलं हेच बघते. आणि अल्पवयीन पोराने गुन्हा केला तर पालक किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि 25,000 दंड, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द, आणि त्या पोराला 25 वर्षांचा होईपर्यंत लायसन नाही. हा 199अ कलमाचा मार बापाला माहीत नसतो.

मग गाड्यांची आवड असलेल्या पोराने करायचं काय? आवड दाबून जात नाही. इंजिनिअरिंग कॉलेजची मुलं ‘बाहा’ नावाच्या स्पर्धेसाठी स्वतः गाडी बांधतात. इंजिन सगळ्यांना सारखंच, जेमतेम 10 हॉर्सपॉवरचं. तरी पाइपचा पिंजरा, पाच पट्ट्यांचा बेल्ट, इंजिन बंद करायचं बटण, हे सगळं तपासतात. पळवून ब्रेक मारला की चारही चाकं लॉक झाली पाहिजेत, नाहीतर गाडी शर्यतीला नाही. दुसऱ्या ‘फॉर्म्युला’ स्पर्धेत तर इंजिनच्या हवेच्या वाटेवर 20 मिलिमीटरचं भोक असलेलं बूचच बसवतात, ताकद मुद्दाम कमी करायला. ड्रायव्हरने पाच सेकंदांत बेल्ट सोडून बाहेर पडून दाखवायचं. त्यांच्याकडे आधी ब्रेक, मग सुरक्षा, शेवटी वेग. आपल्या गॅरेजमध्ये सगळं उलटं चालतं, आधी आवाज, मग वेग, आणि ब्रेकपॅड ‘पुढच्या सर्व्हिसला बघू’.

चालवण्याचंही तसंच. लायसनच्या टेस्टला पोरगा हळू चालवून दाखवतो, पास होतो. एबीएस असलेल्या गाडीत जोरात ब्रेक दाबला की पायाखाली पेडल थरथरतं, तेव्हा घाबरून पाय काढायचा नसतो, तसाच दाबून धरून गाडी वळवायची असते. हे किती जणांनी मोकळ्या मैदानात एकदा तरी करून बघितलंय? पहिल्यांदा अनुभव येतो तो थेट ट्रकच्या मागे. घाट उतरताना दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये इंजिनवर गाडी धरायची, हे एसटीचा ड्रायव्हर करतो. ऑटोमॅटिकवाला पोरगा खालपर्यंत ब्रेकवर पाय ठेवून येतो, आणि तापलेला ब्रेक ऐन वेळी धरत नाही.

आपल्या एमएच 06 चं कार्यालय पेणला आहे. लोणेऱ्याला डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे. नागोठण्यात, रोह्यात कंपन्यांकडे मोठ्या जागा आहेत. परिवहन कार्यालय, पोलीस आणि एखादी कंपनी मिळून महिन्यातून एक रविवार मैदान देऊ शकत नाहीत का? तिथे पोरांनी आपली गाडी आणावी, ब्रेक दाबून बघावा, ओल्या जमिनीवर गाडी कशी घसरते ते बघावं. दंडाची पावती फाडून पोरगा दुसऱ्या दिवशी तसाच पळवतो. आपली गाडी 120 वरून थांबायला किती जागा घेते, हे त्याने एकदा मैदानात डोळ्यांनी पाहिलं तर महामार्गावर त्याचा पाय आपोआप हलका होईल, असं मला वाटतं. रस्ता सुरक्षेच्या नावाने दर जानेवारीत फलक लागतात, त्या खर्चात हे बसेल.

तोवर घरच्यांनी एक काम आज करावं. पोराच्या गाडीचे रुंद टायर बहुतेक वेळा जुन्या बाजारातून येतात. टायरच्या बाजूला चार आकडे कोरलेले असतात, पहिले दोन आठवड्याचे, शेवटचे दोन वर्षाचे. 2316 असेल तर टायर 2016 च्या 23 व्या आठवड्यातला आहे. नक्षी कितीही चांगली दिसली तरी रबर कडक झालेलं असतं. मोबाइलचा टॉर्च लावून बघा.