दहा पानांवरचा एकच पुरावा

दूरस्थ शिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्याच्या हाताशी बहुधा मोठे ग्रंथालय नसते. नोकरी, शेती, घरसंसार सांभाळून रात्री स्वाध्याय लिहिणाऱ्यासाठी मोबाइल हेच ग्रंथालय असते. म्हणून ‘आंतरजालावरील माहिती वापरूच नका’ हा उपदेश मला अन्यायकारक वाटतो. माहिती कोठे मिळाली यापेक्षा ती आपण कशी तपासली, हा खरा प्रश्न आहे.

एक उदाहरण घेऊ. ‘मराठीतील आद्य शिलालेख कोणता?’ असा शोध घेतल्यास श्रवणबेळगोळ येथील गोमटेश्वराच्या मूर्तीजवळचा लेख आणि इ. स. ९८३ हे वर्ष अनेक ठिकाणी आढळते. तेच उत्तर वारंवार दिसले, की विद्यार्थी निश्चिंत होतो. परंतु लेखाचा आशय पाहावा. त्याच्या एका ओळीत मूर्ती चावुंडराजाने करविल्याचे, तर दुसरीत भोवतीचे सुत्तालय गंगराजाने करविल्याचे सांगितले आहे. चावुंडराज दहाव्या शतकातील; गंगराज हा होयसळ राजा विष्णुवर्धनाचा सेनापती, म्हणजे बाराव्या शतकातील. मूर्ती केव्हा घडली आणि लेख केव्हा कोरला गेला, हे दोन भिन्न प्रश्न होत. दोन्ही ओळी एकाच वेळी कोरल्या असतील, तर ९८३ हे लेखाचे वर्ष ठरू शकत नाही. शं. गो. तुळपुळे यांनी ‘प्राचीन मराठी कोरीव लेख’ (१९६३) या ग्रंथात अशा लेखांची चिकित्सा केली. रायगड जिल्ह्यातील अक्षी येथील लेख त्यांनी शके ९३४, म्हणजे इ. स. १०१२ चा मानला. त्याच्या कालनिश्चितीविषयीही अभ्यासकांत मतभेद आहेत.

पाठचिकित्सेचा एक नियम येथे उपयोगी पडतो. एकाच मूळ पोथीवरून उतरवलेल्या दहा प्रती म्हणजे दहा साक्षीदार नव्हेत. त्यांची साक्ष एकच. आंतरजालावर नक्कल करणे तर क्षणाचे काम. म्हणून किती पानांवर आढळले हे मोजण्यापेक्षा प्रथम कोणी आणि कशाच्या आधारे सांगितले, हे शोधावे. लेखक कोण, आधारग्रंथ कोणता, विरुद्ध मताची दखल घेतली आहे काय, हे प्रश्न प्रत्येक पानाला विचारावेत. विकिपीडियावरील नोंदीचा उपयोग तळाशी दिलेल्या संदर्भांपर्यंत पोहोचण्यासाठी करावा; तेथेच थांबू नये.

विश्वसनीय साधनेही याच मोबाइलवर उपलब्ध आहेत. मराठी विश्वकोशातील नोंदी आंतरजालावर वाचता येतात. मोल्सवर्थच्या कोशाची १८५७ ची आवृत्ती शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर आहे. मात्र तेथेही काळाचे भान हवे: मोल्सवर्थ एकोणिसाव्या शतकातील मराठीची साक्ष देतो, आजच्या वापराची नव्हे.

या चिकित्सेला वेळ लागतो आणि तुमच्याकडे तोच कमी असतो, याची मला जाणीव आहे. सर्व विधाने तपासणे शक्य नसेल, तर ज्या विधानावर आपले उत्तर उभे आहे, तेवढे एक तरी तपासावे. मतभेद आढळल्यास ते तसेच नोंदवावेत. ‘येथे अभ्यासकांचे एकमत नाही’ हे साधार वाक्य मला ठाम पण उसन्या उत्तरापेक्षा अधिक मोलाचे वाटते. कारण ते लिहिणारा विद्यार्थी केवळ माहिती गोळा करीत नाही, तर अभ्यास करीत असतो.