किल्ली हरवल्यावर

फायलींच्या कपाटाची किल्ली हरवली तर काय करावें, असा प्रश्न आम्हांस वरचेवर विचारण्यांत येतो. विचारणाऱ्याच्या मनांत बहुधा एवढेंच असतें कीं, कपाट उघडावें कसें. आमच्या मतें तो प्रश्न दुय्यम आहे. नाहींशी झालेली किल्ली कोणाच्या तरी हातीं लागण्याचा संभव असतो. तेव्हां दुसरी किल्ली घडवून स्वस्थ बसणें म्हणजे निम्मेंच काम करणें होय. कुलूपच बदलावयास हवें.

या कपाटाची रचना घरांतील कर्त्या माणसानें एकदां नीट पाहून ठेवावी. चार खणांच्या कपाटास बहुधा वरच्या कोपऱ्यांत एकच कुलूप असतें. तें आंत दाबलें कीं मागील उभी पट्टी सरकते आणि चारही खण एकदम अडतात. पुष्कळ कपाटांत लावण्यास किल्ली लागत नाहीं, उघडण्यास मात्र लागते. आणि हीच खरी गोम आहे. किल्ली हरवली तेव्हां कपाट उघडें असेल, तर घरांतील एखादें मूल सहज बोटानें दाबील आणि बसल्या जागीं कपाट बंद होईल. म्हणून सर्वांत आधीं बाहेर आलेल्या कुलपाभोंवतीं सुतळीचे चार घट्ट वेढे द्यावे, म्हणजे तें आंत जाणार नाहीं. मग वरचा खण काढून कुलूपवाल्यास बोलवावें. कपाट उघडें असतांना मागील चाप किंवा नट काढून त्याच मापाचें नवें कुलूप बसविणें हें थोड्या वेळाचें काम आहे.

कपाट बंदच असेल तर कुलपाच्या तोंडावर बारीक आंकडा कोरलेला आहे कीं काय तें पाहावें. पुष्कळ कारखानदार असा आंकडा घालतात व त्यावरून किल्ली मिळूं शकते. परंतु ही सोय आपल्या विरुद्धही जाते. तो आंकडा आल्यागेल्या कोणासही वाचतां येतो. शिवाय अशा कुलपांचे नमुने ठराविकच असल्यामुळें एकाच किल्लीनें उघडणारीं कपाटें अनेक असतात. आंकडा नसल्यास कुलूपवाला तारेनें प्रयत्न करील, तेंही न साधल्यास कुलपाच्या मधोमध भोंक पाडील. पहारीनें खण मात्र उचकटूं देऊं नयेत. कुलूप थोडक्या पैशांत येतें. वांकलेल्या खणासाठीं सबंध कपाट मोडींत घालण्याची पाळी येते.

पूर्वीच्या कुलपांची गोष्ट निराळी होती. लंडन शहरीं जोसेफ ब्रामा याच्या दुकानांत १७९० सालापासून एक कुलूप मांडून ठेवलेलें होतें व तें किल्लीवांचून उघडणारास २०० गिनींचें बक्षीस लावलेलें होतें. अखेर १८५१ सालीं हॉब्ज नांवाच्या अमेरिकन कारागिरानें तें उघडलें, आणि त्यासही ५० हून अधिक तास लागले. आपल्या पत्र्याच्या कपाटाचें कुलूप जाणत्या हातापुढें कांहीं मिनिटें टिकलें तरी पुष्कळ.

अधिक बंदोबस्त हवा असेल त्यानें कपाटाच्या तोंडावर वरपासून खालपर्यंत जाड लोखंडी पट्टी बसवावी. तिचें खालचें टोंक बिजागरीस जोडून वरचें टोंक कोयंड्यांत अडकवावें आणि बाहेरून चांगलें कुलूप घालावें. बिजागरीचे व कोयंड्याचे नट आंतल्या बाजूस येतील असें पाहावें, नाहीं तर चोर पान्यानें सगळें सोडवून मोकळा होईल. पत्र्यास भोंकें पाडण्यापूर्वीं कागद बाहेर काढावे, कारण लोखंडाचा कीस फायलींत शिरतो.

इतकें करूनही दागिने व घराचें मूळ खरेदीखत अशा कपाटांत ठेवणें आम्हांस पसंत नाहीं. पत्रा आगीपासून बचाव करीत नाहीं. नोंदलेल्या खताची नक्कल सरकारी कचेरींतून मिळते ही गोष्ट खरी, पण मूळ तें मूळच. मृत्युपत्राचीही अशीच काळजी घ्यावी. १९०८ च्या नोंदणी कायद्यान्वयें तें मोहोरबंद लिफाफ्यांत निबंधकाच्या स्वाधीन करतां येतें, हें सुशिक्षित गृहस्थांसही पुष्कळदां ठाऊक नसतें.

आतां एक नाजूक गोष्ट. भरल्या घरांत किल्लीचा शोध अर्धा तास चालतो, आणि ती न सांपडली कीं माणसाचा शोध सुरू होतो. प्रथम मोलकरणीचें नांव निघतें, मग धाकट्या सुनेस ‘तूंच शेवटची त्या खोलींत गेली होतीस ना?’ असें विचारण्यांत येतें. वडील माणसांनीं हें तेथल्या तेथें थांबवावें. पुढें किल्ली आजोबांच्या कोटाच्या अस्तरांत मिळाली, तरी त्या पोरीच्या डोळ्यांतलें पाणी कोणी पाहिलेलें नसतें.

नव्या कुलपाबरोबर बहुधा दोन किल्ल्या येतात. त्या एकाच जुडग्यांत अडकविण्याची चाल फार आहे, ती सोडावी. दुसरी किल्ली निराळ्या खोलींत, निराळ्या माणसाच्या ताब्यांत असावी, आणि कोणाच्या तें घरांतील दोघांस तरी ठाऊक असावें. जुनी किल्ली मागाहून सांपडलीच तर ती जुडग्यांत परत घालूं नये. कोणी तरी ती नव्या कुलपांत घालून पिरगाळील आणि अर्धी आंतच मोडून बसेल.