सोडणाऱ्याला सोबत हवी

‘आजपासून बंद’ अशी शपथ घेतलेला माणूस तिसऱ्या दिवशी गुत्त्यावर दिसला, की गाव त्याच्या निर्धाराची टवाळी करते. त्या तीन दिवसांत त्याच्याशी बोलायला कोण होते, हे मात्र कुणी विचारत नाही. १९३५ च्या मे महिन्यात अमेरिकेतील अ‍ॅक्रन शहरात धंद्याचे काम फिसकटलेल्या, दारू सोडलेल्या बिल विल्सनला हॉटेलचा बार खुणावत होता. त्याने फोन फिरवून दुसरा व्यसनी शोधला, डॉ. बॉब स्मिथ. त्या भेटीतून ‘अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस’ (‘एए’) ही दारू सोडू पाहणाऱ्यांची संघटना उभी राहिली. पुण्यात अवचट दांपत्याने १९८६ मध्ये सुरू केलेल्या ‘मुक्तांगण’ व्यसनमुक्ती केंद्रातही व्यसनातून बाहेर पडलेलेच अनेक जण पुढे समुपदेशक झाले. घरच्यांच्या आणाभाकांनी अपराधीपणा तेवढा वाढतो. संध्याकाळी सातची तलफ कशी टाळायची, हे ती टाळलेलाच सांगू शकतो.

एक मात्र बजावले पाहिजे. रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम सोडली, तर पहिल्या काही दिवसांत थरथर, फिट, भ्रम होऊन जिवावर बेतू शकते. तिथे आधी डॉक्टर, मग मित्र.

‘एए’च्या सभेला फी नाही, आडनावाची चौकशी नाही. अडचण असते ती जागेची. गटारीच्या शुभेच्छांचे फलक लावणाऱ्या नगरसेवकांनी आपापल्या प्रभागात संध्याकाळी पालिका शाळेची एक खोली या सभांसाठी मिळवून द्यावी.