हिशेबाची किल्ली कुणाकडे?



हल्ली गटाच्या बैठकांत एक प्रश्न वारंवार येतो. शिवणकाम करणाऱ्या, पार्लर चालवणाऱ्या, डबे पुरवणाऱ्या बायका विचारतात, "ताई, हिशेबासाठी मोबाइलवर काय घ्यावं?" प्रश्न तांत्रिक दिसतो. मला तो आपल्या चळवळीचाच वाटतो.

बाईला हिशेब कळत नाही, हा समज जुनाच. म्हसवडच्या बायकांनी स्वतःची बँक काढायचं ठरवलं, तेव्हा अर्जावर सह्यांऐवजी अंगठे होते म्हणून रिझर्व्ह बँकेने परवाना नाकारला. त्या अक्षरं शिकल्या, पुन्हा गेल्या आणि म्हणाल्या, मुद्दल सांगा, व्याज तोंडी काढून दाखवतो. १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. हिशेब त्यांना येतच होता, नव्हता तो लेखी पुरावा. आजही कर्ज मागायला गेलेल्या शिवणकामवालीची अडचण तीच असते. वर्षानुवर्षं काम केलेलं असतं, पण दाखवायला कागद नसतो.

मग निवड कशी करायची? आधी आपली गरज ओळखू या. टॅलीसारखी सॉफ्टवेअर मालाचा साठा आणि कर सांभाळणाऱ्या दुकानांना उपयोगी. सेवा देणाऱ्यांना साधारणपणे वर्षाची उलाढाल २० लाखांवर गेल्यावरच जीएसटीची नोंदणी लागते. आपल्यापैकी बहुतेकींना एवढा पसारा नकोच. दुसरं, नुसती उधारी लिहून ठेवल्याने कोण किती देणं लागतं ते कळतं, आपण काय कमावलं ते कळत नाही. जमा आणि खर्च दोन्ही लिहिता येतील, मराठीत वाचता येईल, नेटवर्क नसतानाही चालेल आणि सगळ्या नोंदी बाहेर काढून कागदावर छापता येतील, एवढं पाहावं. नाहीतर फोनवरचा साधा तक्ताही पुरतो: तारीख, तपशील, जमा, खर्च. घरखर्च मात्र त्यात मिसळू नये.

आणखी एक रकाना मी आग्रहाने सुचवते, तो म्हणजे लागलेला वेळ. समजा, ब्लाउजची शिलाई ३०० रुपये. अस्तर, दोरा, हुक ८०, वीज आणि मशीनची दुरुस्ती २०. उरले २००. सॉफ्टवेअर याला नफा म्हणेल. पण त्यात ४ तास गेले असतील, तर ती तासाला ५० रुपयांची मजुरी आहे. बाईच्या श्रमाला मोल नाही असं आपण सतत म्हणतो, मग आपल्याच वहीत ते श्रम अदृश्य का राहावेत?

शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. ही अ‍ॅप बहुधा मोबाइल नंबरवर उघडतात. तो नंबर कुणाचा? ओटीपी नवऱ्याच्या किंवा मुलाच्या फोनवर येत असेल, तर वही तिची असून किल्ली दुसऱ्याकडे. भिंतीवरच्या क्यूआर कोडचंही तेच. गिऱ्हाईक पैसे तिला देतं, पण ते जमा कुणाच्या खात्यात होतात? घरात गोडीगुलाबी आहे तोवर हे प्रश्न कुणी विचारत नाही. बिनसलं, की त्याच दिवशी बाई रिकाम्या हाताने बाहेर पडते.

म्हणून गटाच्या पुढच्या बैठकीत अ‍ॅपच्या नावाआधी प्रत्येकीला नंबर आणि खातं विचारू या. ज्यांचं स्वतःचं नाही, त्यांच्यासोबत एकीने बँकेत जावं. तुमचे अनुभव जरूर कळवा.