एका अक्षराचा धडा

जानेवारी २०२५ मध्ये ‘जीनोम इंडिया’ प्रकल्पातील सुमारे दहा हजार भारतीयांची जनुकीय माहिती संशोधकांना उपलब्ध झाली. पण ती वाचणार कोण?

म्हणूनच जैवमाहितीशास्त्राची ओळख पदवीच्या पहिल्याच वर्षी व्हायला हवी. सुरुवात सिकलसेलपासून करावी. नंदुरबार, गडचिरोलीच्या आदिवासी पाड्यांना हा आजार नवा नाही. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीच्या जनुकात एकच अक्षर बदलते, ‘जीएजी’चे ‘जीटीजी’ होते. ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन येते. आई-वडील दोघांकडूनही हाच बदल आला, तर ऑक्सिजन कमी पडताच तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात. निरोगी आणि सदोष, दोन्ही जनुकक्रम इंटरनेटवर मोफत मिळतात. ‘ब्लास्ट’ वापरून ते शेजारी मांडावेत आणि फरक विद्यार्थ्याने स्वतः शोधावा. नुसती बटणे दाबायला शिकवली, तर गुण मिळतील, समज येणार नाही.

रुग्णाच्या जनुकीय अहवालात कधी कधी ‘अर्थ अनिश्चित’ असा शेरा येतो. समोर बसलेल्या आईला तेव्हा काय सांगायचे? तो बदल घातक की निरुपद्रवी, हे तपासायला आम्हा डॉक्टरांनाही जाणकार सोबती लागतो. तो सोबती आज पहिल्या वर्षाच्या बाकावर बसला आहे.