संगणकाची खटपट : डिस्क दिसेना, सर्व्हर बसेना

मुलांनो, आठवीतल्या एका वाचकाचं पत्र आलंय. त्याला आधी एका शब्दात उत्तर देते : थांब!

त्यानं लिहिलंय ते असं. घरी एक जुना डेस्कटॉप पडून होता. त्याचा सर्व्हर करायचं त्यानं आणि बाबांनी ठरवलं. १२० जीबीची नवी एसएसडी आणून आत बसवली, ओपनमीडियाव्हॉल्ट पेनड्राइव्हवर घेतलं आणि संगणक सुरू केला. 'कोणत्या डिस्कवर बसवू?' असं इन्स्टॉलरनं विचारलं, तेव्हा यादीत नवी एसएसडी नाहीच! दिसतेय ती जुनी ५०० जीबीची हार्ड डिस्क. तिच्यात आजी-आजोबांचे, मुंजीचे, सहलींचे सगळे फोटो. 'मग तीच निवडून पुढं जाऊ का?' असं तो विचारतो.

नाही रे बाबा! हा इन्स्टॉलर निवडलेली डिस्क अख्खीच्या अख्खी ताब्यात घेतो. जुनं सगळं पुसून तिथं स्वतःचं बिऱ्हाड थाटतो. फोटो गेले तर परत मिळतीलच असं कुणी सांगू शकत नाही.

बाकीच्या दोस्तांसाठी थोडं मागं जाऊ. घरचा सर्व्हर म्हणजे घरातलं सामाईक कपाट. आईचा मोबाइल, ताईचा लॅपटॉप, टीव्ही, सगळे आपापल्या जागेवरून त्यातलं सामान काढतात आणि ठेवतात. हे कपाट सांभाळायला एक कारभारी लागतो. ओपनमीडियाव्हॉल्ट हा तसा कारभारी. डेबियन या लिनक्सवर तो उभा आहे आणि त्याला पैसे पडत नाहीत. कारभारी छोट्या एसएसडीवर राहतो, सामान मोठ्या हार्ड डिस्कवर. बेत चांगलाच आहे.

आता कामाला लागू. संगणक बंद करा, भिंतीतला प्लग काढा आणि मोठ्या माणसाला शेजारी बसवा. फोटोंच्या हार्ड डिस्कच्या दोन्ही केबली काढून ठेवा. जी डिस्क जोडलेलीच नाही, ती चुकून पुसली जाणार कशी? (फोटोंची दुसरी प्रत घरात कुठं आहे का? नसेल तर सर्व्हरची घाई सोडा, आधी ती करा. हे पालकांसाठी!)

आमच्या वर्गात भागाकार चुकला, की मुलं आख्खी पाटी पुसायला निघतात. मी म्हणते, पुसू नका, कुठल्या पायरीवर चुकलं ते बोट ठेवून दाखवा. इथंही तसंच. इन्स्टॉलर पुन्हा पुन्हा चालवून उपयोग नाही. आधी विचारायचं : एसएसडी बायोसला तरी दिसते का? बायोस म्हणजे संगणक जागा होताना सगळ्यात आधी चालणारी व्यवस्था. सुरू करताच डिलीट किंवा एफ२ हे बटण दाबत राहिलं, की तिचा पडदा उघडतो. तिथं जोडलेल्या डिस्कची यादी असते.

बायोसलाच दिसत नसेल, तर गडबड जोडणीत आहे. साटा एसएसडीला दोन केबली लागतात. ७ पिनांची अरुंद केबल माहिती नेते, १५ पिनांची रुंद केबल वीज देते. नवशिके हमखास एक जोडतात आणि दुसरी विसरतात. दोन्ही घट्ट बसल्यात का पाहा. तरी नाही दिसली, तर केबल बदला, मदरबोर्डवरचा दुसरा पोर्ट घ्या. पट्टीसारखी एम.२ एसएसडी असेल तर वेगळीच गंमत. ती साटाही असते आणि एनव्हीएमईही. दिसायला दोघी बहिणी-बहिणी, पण फक्त एनव्हीएमईसाठी असलेल्या खाचेत साटावाली कितीही नीट बसली तरी दिसणार नाही. मदरबोर्डच्या पुस्तिकेत लिहिलेलं असतं. ती फेकली नसेल अशी आशा करू या!

बायोसला दिसते पण इन्स्टॉलरला नाही, असं असेल तर केबलींना हात लावू नका. बायोसमध्ये साटा मोड अशी नोंद शोधा. तिथं 'रेड' असेल तर 'एएचसीआय' करून पाहा. रेड म्हणजे अनेक डिस्क एकत्र बांधायची पद्धत. त्या बुरख्याआड गेलेली डिस्क लिनक्सला कित्येकदा ओळखू येत नाही. मात्र त्याच संगणकावर विंडोज वापरात असेल तर हा बदल परस्पर करू नका, विंडोज सुरू व्हायचं थांबू शकतं.

एसएसडी दिसली? वा! तरी तिच्या नावावर जाऊ नका. लिनक्स डिस्कना एसडीए, एसडीबी अशी नावं देतं आणि पुढच्या वेळी ती अदलाबदल होऊ शकतात. आकार बघून ओळखा. त्यातही एक कोडं आहे. तीच डिस्क एका ठिकाणी १२० जीबी आणि विंडोजवर १११ जीबी दिसते. दुकानदारानं फसवलं नाही बरं! डिस्क बनवणारे १ जीबी म्हणजे १०० कोटी बाइट धरतात. विंडोज १०२४ ला १०२४ नं दोनदा गुणतं, म्हणजे १,०७,३७,४१,८२४ बाइट. भागाकार करा, सुमारे १११.८ येईल.

एसएसडीच्या आतल्या फ्लॅश मेमरीची कथाही पुसण्याचीच आहे. जपानमधल्या तोशिबा कंपनीतले फुजिओ मासुओका यांनी ती १९८४ मध्ये जगापुढं मांडली. त्यातला मजकूर एकेक अक्षर न पुसता मोठा ठोकळा एकदम पुसता येतो. ते पाहून त्यांच्या एका सहकाऱ्याला कॅमेऱ्याचा फ्लॅश आठवला, आणि तेच नाव पडलं.

इन्स्टॉलेशन पार पडलं, संगणक पुन्हा सुरू झाला आणि समोर परत तोच इन्स्टॉलर! इथं पुष्कळ जण रडकुंडीला येतात. बहुतेक वेळा पेनड्राइव्ह काढायचा राहिलेला असतो. तो काढा. काढल्यावर संगणक 'सुरू करायला काहीच नाही' म्हणाला, तर बायोसमध्ये एसएसडीला पहिला नंबर द्या. तेवढ्यानं भागलं नाही तर हे तपासा : सुरुवातीच्या यादीत तोच पेनड्राइव्ह दोनदा दिसतो, एकदा नुसता आणि एकदा मागं 'यूईएफआय' लावून. संगणक ज्या पद्धतीनं सुरू होतो, त्याच पद्धतीनं इन्स्टॉल करायला हवं. आणि पेनड्राइव्ह लावला तरच सर्व्हर सुरू होतो, काढला की नाही, असं झालं तर ओळखा : सुरू करून देणारा ग्रब नावाचा छोटा प्रोग्रॅम पेनड्राइव्हवर जाऊन बसलाय. पुन्हा इन्स्टॉल करा आणि ग्रब कुठं ठेवू असं विचारलं की एसएसडी सांगा.

सगळं जमलं की काळ्या पडद्यावर १९२.१६८ असा सुरू होणारा पत्ता दिसेल. घरातल्या दुसऱ्या संगणकाच्या ब्राउझरमध्ये तो टाका. नाव 'ॲडमिन', पासवर्ड 'ओपनमीडियाव्हॉल्ट', दोन्ही इंग्रजी लिपीत, छोट्या अक्षरांत. हा पासवर्ड साऱ्या जगाला ठाऊक आहे, म्हणून पहिलं काम तो बदलायचं.

मग संगणक बंद करून, प्लग काढून, फोटोंची हार्ड डिस्क परत जोडा. तिच्यासाठी 'माउंट' निवडायचं, म्हणजे आहे ते तसंच ठेवून वापरायला घ्यायचं. शेजारीच 'वाइप' आणि 'क्रिएट' असे पर्याय भेटतील. त्यांच्या वाटेला जाऊ नका. मुंजीचे फोटो उघडले, की मला कळवा. ते आईच्या मोबाइलवर कसे दिसतील, ते पुढच्या अंकात.