भटकण्याची मुभा कोणाला?

रिचर्ड लिंकलेटर या तरुण दिग्दर्शकाने १९८९ साली अमेरिकेतील ऑस्टिन शहरात सुमारे २३ हजार डॉलरमध्ये 'स्लॅकर' नावाचा चित्रपट काढला. त्यात नायक नाही, कथानकही नाही. कॅमेरा एका माणसाच्या मागे थोडा वेळ चालतो आणि रस्त्यात भेटलेल्या दुसऱ्याच्या मागे जातो. अशी शंभरेक माणसे दिसतात. कोणी गप्पा छाटतो, कोणी सरकारी कटकारस्थानांच्या कहाण्या ऐकवतो. कामाची घाई कोणालाच नाही. २०१२ मध्ये अमेरिकेने हा चित्रपट राष्ट्रीय ठेवा म्हणून जतनाच्या यादीत घेतला.

बड्या स्टुडिओच्या दारात न जाता चित्रपट काढता येतो, हा यातला धडा मोलाचा आहे. परंतु एक प्रश्न विचारलाच पाहिजे. रस्त्यावर बिनकामाचे फिरण्याची ही मुभा नेमकी कोणाला होती? पडद्यावरचे बहुतेक चेहरे गोरे आहेत. याच ऑस्टिनने १९२८ च्या नगर आराखड्यात काळ्या लोकांना शहराच्या पूर्व भागात ढकलले होते. गुलामगिरी कायद्याने संपताच १८६५-६६ मध्ये दक्षिणेतील राज्यांनी भटकेगिरीविरोधी कायदे केले. बेकार दिसलेल्या काळ्या माणसाला दंड ठोठवायचा आणि तो भरता आला नाही की सक्तीने मजुरीला जुंपायचे, ही त्यांची रीत होती.

असा एक वटहुकूम फ्लोरिडातील जॅक्सनव्हिल शहरात शंभर वर्षांनंतरही चालू होता. निरुद्देश भटकणे हाच त्यात गुन्हा! दोन काळे तरुण आणि दोन गोऱ्या तरुणी एका मोटारीतून जात होते, त्यांनाही त्याखाली पकडले गेले. १९७२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो एकमताने रद्द केला. कायदा इतका मोघम असेल तर कोणाला पकडायचे हे पोलिसांची मर्जी ठरवते, हे त्या निकालाचे सार होते.

पण लढाई संपलेली नाही. २०२१ मध्ये ऑस्टिनच्या मतदारांनी सार्वजनिक जागी तंबू ठोकून राहण्यावर पुन्हा बंदी आणली. त्याच वर्षी टेक्सासने तशी बंदी राज्यभर लागू केली. २०२४ मध्ये ग्रँट्स पास खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी ठरवले की, बेघराला उघड्यावर झोपल्याबद्दल शिक्षा करणे घटनाबाह्य नाही.

म्हणजे घर असलेला रिकामा फिरला तर त्याच्यावर चित्रपट निघतो. घर नसलेला त्याच रस्त्यावर आडवा झाला तर त्याच्यावर खटला भरला जातो. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने ज्यांच्या आजोबा-पणजोबांना पोलीस पाटलाकडे हजेरी द्यायला लावली, त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको. तो कायदा १९५२ मध्ये गेला, संशयाची नजर गेली नाही.

'स्लॅकर' जरूर पाहावा. मात्र पाहताना, त्या रस्त्यावर पोलिसांनी कोणाला हटकले असते, याचाही विचार करावा.